एका भोकाची खरेदी

सांगावं की सांगू नये, याचा मी बराच विचार केला. पण चहा आलाय, शेवेची बशी पुढे आहे, आणि माझ्या मूर्खपणाची बातमी राऊपासून देपालपुरापर्यंत पोचलेलीच आहे. मग तुम्हीच तेवढे कशाला मागे राहता? ऐका. फक्त हसायचं असेल तर माझ्या तोंडावर हसा. पाठीमागे हसणारे माझ्या घरातच भरपूर आहेत.

तर झालं असं, की मी रिटायर झालो.

नाही, थांबा, हीच फजितीची सुरुवात आहे. सरकारी खात्याच्या खरेदी विभागात मी अख्खी नोकरी काढली. आमचे पणजोबा संस्थानाच्या कोठारात कारकून होते, म्हणजे मोजून घेणं आणि पारखून घेणं आमच्या रक्तातच. टाचणी घ्यायची असली तरी तीन दुकानांची कोटेशनं, तुलना, नमुना, चाचणी, मंजुरी, आणि मग टाचणी. लोक म्हणायचे, देशपांड्यांच्या टेबलावरून फाइल हलत नाही. अहो, हलायचीच नसते ती! हलली की चूक होते. माझ्या हातून नोकरीत एकही चुकीची खरेदी झाली नाही. खरेदीच फारशी झाली नाही म्हणा, पण चुकीची नाही झाली.

निरोपसमारंभात शाल दिली, नारळ दिला, साहेबांनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या घरी सोफ्यावर बसलो आणि घराकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. काय अनागोंदी हो! डाळीच्या डब्यावर तारीख नाही. नवा साबण आला तरी जुन्याची चिपटी वाटीत पडलेली. तेल एकाच दुकानातून वर्षानुवर्षं येतंय, का, तर म्हणे सवय.

"अहो, तुरीची डाळ संपली, जरा कोपऱ्यावरून आणता का?" सुनंदा म्हणाली. सुनंदा म्हणजे आमची सौ.

"कोपऱ्यावरूनच का?"

"मतलब?"

"दुसरीकडे भाव विचारलास?"

"तुम्ही विचारा आणि आणा."

मी विचारले. तीन दुकानांत विचारले, नमुने घेतले, शिजवून बघायला सांगितले. तोपर्यंत घरात बिनवरणाचा भात चालला होता. त्या वेळी सुनंदा काही बोलली नाही. रिटायर माणसाशी बायको बोलेनाशी झाली की तो समजतो, पटलं हिला.

आता मुक्ताविषयी सांगतो. मुक्ता आमची एकुलती एक. वरच्या खोलीत कॉम्प्युटर घेऊन बसते आणि लोकांच्या लग्नांच्या फिल्म बनवते. लग्न चालतं तीन दिवस, ही ते तीन मिनिटांत बसवते, आणि त्या तीन मिनिटांत ते लग्न खरोखरच सुखाचं वाटतं. नुकतंच तिला देपालपुरच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याकडचं काम मिळालं होतं. मोठं घराणं, मोठा गोतावळा. रिसेप्शनला मोठ्या पडद्यावर फिल्म दाखवायची आणि ती आवडली तर घरातली पुढची सगळी लग्नं मुक्ताकडे, असं बोलणं झालं होतं. पोरगी हवेत होती.

आणि तिला काही अडलं की ती कोणाला विचारायची? वसंताला. वसंत म्हणजे माझा साडू, राऊला राहतो. त्याला सगळं येतं. येतं म्हणजे येत नाही, पण तो लगेच करून टाकतो. वायफाय गेलं, वसंतकाका. स्कूटर अडली, वसंतकाका. मी समोर बसलेलो असायचो. इस्त्रीच्या शर्टात. मला कोणी "जरा सरका" यापलीकडे काही विचारत नव्हतं. खरं सांगतो, फार लागायचं ते.

अशात उन्हाळा आला. वरची खोली तापायला लागली आणि मुक्ताचा कॉम्प्युटर काम करता करता फटकन बंद पडायला लागला. एका दुपारी ती खाली आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, बिझी आहात का?"

बिझी! हा शब्द रिटायर झाल्यापासून मी ऐकला नव्हता. मी पेपराची घडी केली. "बोल."

"कॉम्प्युटर फार गरम होऊन राहिलाय. वाटतं, कॅबिनेटला वरून एक गोल होल करावं आणि फॅन बसवावा. तर असं होल करायला टूल कोणतं घ्यायचं, तुम्ही बघाल का? मला तर यातलं काहीच समजत नाही."

"वसंताला विचारलंस?"

"नाही नं. तुम्हालाच विचारून राहिली आहे."

काय वाटलं म्हणून सांगू! मी आवाज सरकारी ठेवला. "कधीपर्यंत हवंय?"

"घाई नाही बाबा. एकदम आरामात. सगळी दुकानं फिरा, सगळी टूलं बघा. तुमच्यासारखं नीट कोण बघणार?"

स्वयंपाकघरात सुनंदाचा झारा थांबला होता. मला वाटलं, कौतुकाने.

दुसऱ्या दिवशी मी सियागंजात हजर. सियागंज म्हणजे आमची लोखंडी सामानाची पेठ. तिथे गल्लीत शिरलं की खिळ्यापासून पंपापर्यंत काय वाट्टेल ते मिळतं आणि कोणालाही कशाचीही गॅरंटी देता येत नाही. पहिल्या दुकानात मी माझी मागणी मांडली.

"पत्र्यात गोल भोक पाडायचंय. एकशेवीस मिलीमीटरचा पंखा बसला पाहिजे."

दुकानदाराने पान गालात सरकवलं. "टंकी में छेद करना है, भिया?"

"टंकी नहीं, कम्प्यूटर में."

"कम्प्यूटर में पानी जाता है क्या?"

"हवा जाएगी."

"तो भिया, हवा कोई टंकी से अलग छेद मांगती है क्या? ये ले जाओ. होल सॉ. आधा इंदौर इसी से छेद कर रिया है."

होल सॉ म्हणजे काय, तर एक लोखंडी वाटी. वाटीच्या काठाला करवतीचे दात आणि मधोमध एक बारीक ड्रिल पुढे आलेलं. ते ड्रिल आधी आत शिरून जागा धरतं, मग वाटी गरगर फिरते आणि पत्र्याची गोल चकती कापून काढते. मी हातात घेऊन बघितलं, उलटं केलं, दात मोजले, आणि म्हटलं, "अभी सिर्फ देख रहे हैं."

"देखो भिया, देखने का कोई रोकता थोड़ी है."

आणि मी बघत सुटलो! होल सॉ बघितलं. जिग सॉ बघितली, तिचं पातं शिलाई मशीनच्या सुईसारखं खालीवर होतं आणि आखलेल्या रेषेवरून वळतं. ग्राइंडर बघितला. तो ठिणग्या उडवत सरळ रेषेत छान कापतो, पण गोल कापायला लावला तर अष्टकोन करून देतो. पत्रा कापायची कातर बघितली, तिने कडा अशी मुरडते की पापड बरा. मग पाती वेगळी बघायची, कारण पातळ पत्र्याला बारीक दात लागतात. मग कडा घासायला कानस. मग भोकाची जागा ठोकून ठेवायला सेंटर पंच, नाहीतर ड्रिल घसरतं. एकेका वस्तूची तीन दुकानं. तुम्हीच हिशोब करा.

रोज सकाळी पोहे खाऊन मी निघायचो, उन्हं उतरल्यावर यायचो. आल्यावर मुक्ता स्वतःहून विचारायची, "आज काय बघितलं बाबा?" मी सांगायचो. ती मान डोलावायची. "पण मग जिग सॉमध्ये दुसऱ्या कंपनीची पण बघा नं," असं वर सुचवायची. मला तर भरून यायचं. मुलगी बापाच्या वळणावर चाललीय, असं मी सुनंदाला म्हणालो. सुनंदाने पदर तोंडाला लावला.

पण नुसतं बघून मंजुरी द्यायची नसते. चाचणी पाहिजे. आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एका ओळखीच्यांकडून मी ड्रिल मशीन आणि जिग सॉ चार दिवसांच्या बोलीवर आणली. चाचणीला पत्रा कुठला? घरातच होता. तेलाचा रिकामा डबा. मग बिस्किटांच्या डब्याचं झाकण. मग पिठाच्या डब्याचं झाकण, ते मात्र वापरातलं होतं. मला वाटलं, आता सुनंदा रणचंडी होणार.

"अहो, पिठाच्या डब्याला भोक?"

"चाचणी आहे."

ती म्हणाली, "करा, करा. लागलं तर तांदळाच्या डब्याचं पण झाकण घ्या."

नवल नाही का वाटणार? ज्या बाईने मला कधी चहाचा डबा उघडू दिला नाही, तिने झाकणं काढून दिली! मी अंगणात पत्र्याला भोकं पाडतोय आणि ही आत गाणं गुणगुणत भाजी निवडतेय. घरात इतकी शांतता, इतका मान मला नोकरीतसुद्धा मिळाला नव्हता. रिटायर व्हावं तर असं, असं मी चारचौघांत बोलायला लागलो.

एका रविवारी वसंत आला. बशीभर पोहे, त्यावर मूठभर शेव, आणि अंगणातली माझी भोकं बघून म्हणतो, "काय भालूराव, काडतुसं झाडली का घरात?"

"मुक्ताच्या कॅबिनेटची चाचणी चाललीय."

"अरे, त्यात काय चाचणी! ग्राइंडर आणा, मी दोन मिनिटांत फाडून देतो."

"फाडायचं नाहीये. गोल कापायचंय."

"काका," मुक्ता मध्येच म्हणाली, "बाबा बघून राहिले आहेत. बघू द्या नं त्यांना."

वसंताने मुक्ताकडे बघितलं, मग सुनंदाकडे, आणि एकदम मवाळ झाला. "हां हां. बरोबर. टूल बघण्यातच खरी मजा आहे भालूराव. बघत राहा." आणि चक्क माझ्या पाठीवर थाप मारली. मी वसंताला हरवलं! तेही माझ्याच पोरीच्या तोंडून! त्या दिवशी मी जिलबी जास्तीची खाल्ली.

शेवटी निवड झाली. जिग सॉचा हात मला जमेना, वळणावर ती मनमानी करायची. होल सॉ पातळ पत्र्यावर उडतं खरं, पण मशीन हळू चालवलं आणि घट्ट धरलं तर चकती अशी निघते की नाणं पाडल्यासारखी. मंजूर. नव्या पात्याचं, बरोबर मापाचं होल सॉ मी विकत घेतलं आणि घरी येऊन टेबलावर ठेवलं.

मुक्ताचा चेहरा पडला. "घेतलं? इतक्या लवकर?"

"लवकर? सगळी पेठ पालथी घातली मी."

"तसं नाही... अजून एक-दोन दुकानं बघितली असती तर..."

बघा, पोरगी माझ्यापेक्षा कडक! मी खूश. "आता बघायचं काही राहिलं नाही. सांग, भोक कधी पाडू?"

तिने आईकडे बघितलं. "आत्ता नका पाडू हं बाबा. देपालपुरचं एवढं शेवटचं शूटिंग होऊ द्या. मग मी दाखवते तुम्हाला कुठे पाडायचं ते."

आता कुठे पाडायचं हे मला दाखवायचं? मला? मी मनात ठरवलं, पोरगी दमून घरी येईल तेव्हा भोक पाडून, पंखा बसवून, कॉम्प्युटर थंडगार तयार ठेवायचा. बापाने न सांगता काम केलेलं तिने एकदा तरी बघू दे.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. आमच्या घरात उघडी वस्तू ठेवत नाहीत. सुनंदा जुन्या साड्या फाडून सगळ्याला खोळी शिवते. टीव्हीला खोळ, मिक्सरला खोळ, गॅसच्या सिलिंडरलासुद्धा झालर लावलेली खोळ. मुक्ताच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला तिने मोरपंखी साडीची, जरीच्या काठाची खोळ शिवली होती. मुक्ता काम करताना ती काढायची आणि उठताना घालायची. मी वर गेलो की मला टेबलाखाली मोरपंखी खोळच दिसायची. खोळीच्या आतला डबा कसा आहे, हे मी कधी बघितलंच नव्हतं. टूलचा एवढा अभ्यास, आणि ज्याला भोक पाडायचं त्याची ओळख काय, तर मोरपंखी.

मुक्ता सकाळीच देपालपुरला गेली. सुनंदा दुपारी भिशीला गेली. मी पुन्हा मागून आणलेलं ड्रिल मशीन, होल सॉ, सेंटर पंच, विकत आणलेला पंखा, पेन्सिल, चिकटपट्टी घेऊन वर चढलो. वरच्या गॅलरीत एक काळं कॅबिनेट उघडं पडलेलं होतं. धुळकट, आतून रिकामं. मनात म्हटलं, वसंताचंच भंगार असणार, त्याला दुसऱ्याच्या घरी सामान टाकायची सवयच आहे. पायाने ते बाजूला सरकवलं आणि खोलीत शिरलो.

टेबलाखाली मोरपंखी खोळ. खोळ काढली. आतलं कॅबिनेट स्वच्छ, काळंभोर, नव्यासारखं. पोरगी किती जपते, असं वाटून बरं वाटलं. आतलं सामान काढून घ्यावं असं एकदा मनात आलं, पण मुक्ताची सक्त ताकीद होती, बाबा, माझ्या वायरींना हात लावायचा नाही. नियम म्हणजे नियम. फक्त प्लग काढला.

वरच्या पत्र्यावर जाळी होती, आतलं काही दिसू नये इतकी बारीक. आता तुम्ही म्हणाल, जाळी होती म्हणजे हवा जायची सोय होतीच की! माझ्याही मनात आलं हो. पण मागणी आली होती, तुलना झाली होती, मंजुरी झाली होती, माल हातात होता. मुळात गरज आहे का, हा प्रश्न आमच्या विभागात या टप्प्यावर कोणी विचारत नाही. मीही नाही विचारला.

मधोमध खूण केली, सेंटर पंच ठोकला, मशीन लावलं. जाळीवर दात अडकून मशीन असं उसळलं की दंड खांद्यातून निखळतो की काय! पण मी सोडलं नाही. अंगाचा भार टाकला. घुर्र, घुर्र, आणि मग आतून आवाज आला, कडाक.

कडाक कशाला यावं? पत्र्याचा आवाज तसा नसतो, एव्हाना मला पत्र्याचे सगळे आवाज माहीत होते. मी मशीन उचललं, चकती काढली आणि आत वाकून बघितलं.

आत पंखा होता.

भोकाच्या बरोबर खाली, बरोबर मापाचा, छान बसवलेला पंखा. त्याच्या पोटातून माझं ड्रिल आरपार गेलं होतं आणि पाती तुटून पडली होती. पंखा बसवायला मी भोक पाडलं होतं ते पंख्यातच!

इथे शहाणा माणूस थांबतो. मी थांबलो का? मी म्हटलं, मुक्ताने आधीच एखादा पंखा बसवून बघितला असेल, तो नंतर काढून मी आणलेला बसवू. लोखंडाचा कीस आत सगळीकडे भुरभुरला होता. तो मी कॅबिनेट उचलून, हलवून हलवून बाहेर पाडला. बराचसा पडला. उरलेला कुठे बसला असेल, याचा विचार न करता मी काम पूर्ण झाल्यावर करायची ती शेवटची गोष्ट केली. चाचणी. प्लग लावला आणि बटण दाबलं.

फट्! आणि मग जळक्या रबराचा वास. बस्स.

सुनंदा आधी आली. वास घेतच वर आली आणि दारात उभी राहिली. माझ्याकडे, भोकाकडे आणि खाली पडलेल्या खोळीकडे बघून कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "थोडी गडबड झाली." ती खुर्चीवर बसली आणि मुक्ता येईपर्यंत तशीच बसून राहिली.

संध्याकाळी मुक्ता आली. कॅमेऱ्याची बॅग खांद्यावर, चेहऱ्यावर धूळ, आणि खुशीत. "बाबा, काय शूट झालंय! उद्या फिल्म पूर्ण करते आणि..." आणि तिने बघितलं.

"हे कोणी केलं?"

"मी. तुझ्यासाठी. तू आलीस की थंडगार..."

"हा तर नवा होता बाबा!"

"नवा? कुठला नवा?"

"मी नवा कॅबिनेट आणला नं! आधीच फॅन असलेला! सगळं सामान त्यात टाकलं, गरम होणं पण बंद झालं! जुना रिकामा करून गॅलरीत तुमच्यासाठी ठेवला होता, पाडा म्हटलं हवी तेवढी होलं!"

"पण खोळ तर याच्यावर होती!"

मुक्ता आणि मी, दोघंही सुनंदाकडे बघायला लागलो. सुनंदा म्हणाली, "नव्यावर धूळ बसू नये म्हणून मीच घातली. उघडा कसा ठेवू?"

"कधी आणलास हा?" मी विचारलं.

मुक्ता बॅगेचा पट्टा सारखा करायला लागली.

"कधी आणलास?"

"तुम्ही पहिल्यांदा सियागंजला गेलात नं," ती म्हणाली, "त्याच आठवड्यात."

"मग मी इतके दिवस टूल कशासाठी बघत होतो?"

शेवटी सुनंदाच बोलली. आवाज चढवून नाही, अगदी हळू. "मीच सांगितलं होतं तिला. जरा बाबांना काहीतरी बघायला दे म्हटलं. अहो, डाळ मोजता, साबण मोजता, मी फोडणीत मोहरी किती टाकली ते विचारता. जीव नकोसा झाला होता आम्हाला. टूल बघायला लागलात आणि घर कसं शांत झालं."

"म्हणजे भोक पाडायचंच नव्हतं?"

"जुन्यात पाडायचं होतं," मुक्ता म्हणाली, "पण त्याची गरज नव्हती."

"वसंताला माहीत होतं?"

दोघींनी माना खाली घातल्या. वसंताला माहीत होतं! पाठीवरची ती थाप! पिठाच्या डब्याचं झाकण, ते गाणं गुणगुणणं, "अजून एक-दोन दुकानं बघा" म्हणणं, तोंडाला लावलेला पदर, सगळं एकेक करून माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मला सुरी लागल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. ज्या दिवसांना मी आयुष्यातले मानाचे दिवस समजत होतो, ते दिवस यांनी मला नादी लावण्यात काढले होते. लहान पोराला डबे-झाकणं देऊन बसवतात तसे. आणि मी बसलोही होतो, खुशीत.

मग मी ओरडलो. फसवलंत, खोटारडे आहात, बापाला वेड्यात काढता. मुक्ता ऐकून घेत होती. मग तिने त्या भोकात बघितलं आणि एकच वाक्य म्हणाली, "बाबा, रविवारी रिसेप्शन आहे." आणि रडायला लागली. ओरडायचा हक्कसुद्धा मी भोकातून आत पाडून बसलो होतो.

फिल्मचा मालमसाला कॉम्प्युटरच्या डिस्कवर होता आणि ती डिस्क वाचली, एवढं नशीब. मुक्ता ती घेऊन मैत्रिणीच्या घरी गेली, तिच्या जुन्या मशीनवर झुंजत बसली. पण ते मशीन एवढं ओझं ओढेना. रविवारी देपालपुरला पडद्यावर नुसते फोटो फिरले. व्यापाऱ्याने तिला वाईट काही सुनावलं नाही. मोठी माणसं सुनावत नाहीत. घरातलं पुढचं लग्न त्यांनी दुसऱ्या कोणाला देऊन टाकलं. मुक्ताने हे मला सांगितलं नाही. ते मला वसंताने सांगितलं, फोन करून, अगदी आपुलकीने.

त्यानंतर घरात कोणी कोणाशी धड बोलेना. मी सियागंजचं नाव टाकलं. पेपर वाचून झाला की काय करणार? हळूहळू पाय स्वयंपाकघराकडे वळले. एक दिवस सुनंदाच्या हातातला तेलाचा चमचा बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढं तेल?" दुसऱ्या दिवशी मी डाळीच्या डब्यांवर पुन्हा तारखा लिहिल्या.

परवाची गोष्ट. मी सोफ्यावर बसलो होतो. मुक्ता जिना उतरून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. स्वयंपाकघरात सुनंदाचं भेंडी चिरणं थांबलं.

"बाबा," मुक्ता म्हणाली, "बाथरूमच्या खिडकीत एक्झॉस्ट फॅन बसवायचा विचार आहे. काचेला गोल होल करावं लागेल. त्याला काय टूल लागतं, जरा बघाल का? घाई नाही."

मी तिच्याकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. आता तुम्हीच सांगा, एवढं झाल्यावर मला कळत नसेल? सगळं कळत होतं हो! पहिल्या शब्दापासून कळत होतं. आता सुनावावं चांगलं, म्हटलं. बाप आहे मी, खुळखुळा देऊन बसवायचं पोर नाही. तुमची नाटकं पुरे झाली, मला काम नको आणि तुमची दया तर मुळीच नको. शब्द अगदी ओठांवर होते. मी पेपराची घडी केली, ताठ बसलो, घसा खाकरला आणि म्हणालो,

"किती इंची?"